आयता होकार

दादाचं वाक्य अजून पुरं झालं नव्हतं, आणि तिच्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात चप्पल, खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला फोन. आईला आता चार जिने चढवत नाहीत, तेव्हा ती जागा सोडायची, शनिवारी तिला सामानासकट तुझ्याकडे, मुंगीची खोली आहेच, मुंगी झोपेल की हॉलमध्ये, असं काहीसं तो सांगत होता, आणि ‘शनिवारी’ या शब्दापाशीच ती हो म्हणून मोकळी झाली होती. उरलेलं वाक्य त्याने मग सावकाश पुरं केलं, ठरून गेलेली गोष्ट वाचून दाखवावी तसं. “तुझं बरं असतं बघ,” तो म्हणाला, “एका शब्दात काम होतं.” फोन बंद झाला तरी ती दाराशी तशीच उभी राहिली. गरम घोट गिळून झाल्यावर जीभ भाजल्याचं कळावं, तसं तिला आता कळत होतं. हो म्हणालं कोण? तिने तर अजून नीट ऐकलंही नव्हतं.

मुंगी म्हणजे तिची मुलगी. जन्मली तेव्हा इतकी लहान होती की नर्सने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मुंगी बोलताना अडखळायची. ‘न’, ‘प’, ‘म’ अशी अक्षरं तर तिच्या तोंडाशी येऊन दार लागल्यासारखी थांबायची. तिची खोली म्हणजे खरं तर लांबट अडगळीची जागा, पण दार लावलं की आतून वाचनाचा आवाज यायचा. मुंगी भिंतीला पुस्तक वाचून दाखवायची, आणि भिंतीशी बोलताना ती फारशी अडखळत नसे. मुंगीच्या दाराबाहेरून जाताना ती पावलांचा आवाज न करता जाई. शनिवारपासून तिथे आईचा पलंग येणार, औषधं येणार, आणि भिंत मुंगीची राहणार नाही, हे तिला पायात चपला चढवताना लख्ख दिसलं. तरी पावलं ऑफिसकडे निघालीच.

ऑफिसच्या खिडक्या उघडत नसत. बाहेरचं झाड हलताना दिसे, पण त्याचा आवाज येत नसे. बरीच वर्षं पाहून पाहून ते झाड तिला मूक चित्रासारखं झालं होतं. दारं गळ्यातलं कार्ड दाखवल्यावर उघडत, आत यायला आणि बाहेर पडायलाही. ती बसली, आणि दवाखान्याच्या मेट्रनचा फोन आला. दवाखान्यांतल्या नर्सेसच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर हे तिचं काम. रात्रपाळी करून उतरलेल्या एका नर्सने सकाळची जादा पाळी मागितली होती, आणि सॉफ्टवेअरने ती देऊनही टाकली होती. “औषधांच्या ट्रॉलीला धरून उभी उभी झोपली हो पोरगी,” मेट्रन म्हणाली. “मागतील त्या, घरच्या गरजेपोटी मागतातच. म्हणून तर मधे मशीन ठेवलं ना? तुमचं मशीन कधी नाही म्हणतं की नाही, बाई?”

टीमलीड खुर्ची सरकवत तिच्याजवळ आला. वयाने तिच्याहून बराच लहान, पण तिला ‘मॅडम’ म्हणण्याइतका मुरलेला. दोघांनी तिने लिहिलेला जादा पाळीचा क्लास उघडला. क्लास म्हणजे साचा, आणि त्यातून निघणारी एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, हे ती नव्या मुलांना इतकी वर्षं शिकवत आली होती की झोपेतही सांगितलं असतं. जादा पाळीच्या साच्यातून प्रत्येक नर्सची एकेक विनंती घडून निघायची, आणि त्या विनंतीलाच विचारायचं, मान्य आहे का? “पण ‘मान्य’ची मेथड कुठंय यात?” टीमलीडने विचारलं. नव्हती. नियम पक्के व्हायचे होते म्हणून ती लिहायची राहिली होती. मेथड म्हणजे साच्याला शिकवून ठेवलेलं उत्तर. ते शिकवलंच नसेल, तर विचारल्यावर प्रोग्रॅमने अडून बसायला हवं होतं, मला हे येत नाही म्हणून ओरडायला हवं होतं. तो अडला नव्हता. त्याने शांतपणे हो म्हटलं होतं. “म्हणजे तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आणि उत्तर तर गेलं,” टीमलीड म्हणाला. “मग दिलं कुणी, मॅडम? भूत आहे का आत?” तो हसला. ती हसली नाही.

दुपारपर्यंत ती ऑब्जेक्ट तपासत राहिली. त्या नर्सची विनंती जन्मते कशी, जन्मताना तिच्यात काय काय भरलं जातं, एकेक ओळ थांबवून थांबवून पाहिलं. होकार कुठेही आत शिरताना दिसेना; पाहावं तेव्हा तो आधीच येऊन बसलेला. तिला घराची आठवण झाली, लहानपणच्या. बाबा बाहेरच्या खोलीतून विचारायचे, “चालेल ना गं?” आणि स्वयंपाकघरातून आईचा ‘हो’ यायचा, भांड्यांच्या आवाजातून, काय चालेल ते ऐकू जाण्याआधी. एकदा शाळेच्या मोठ्या बाई स्वतः घरी आल्या होत्या. शाळेच्या वाचनालयात आईला घ्यायचं त्यांच्या मनात होतं. आईने हात पुसत पुसत दारापर्यंत येऊन त्यांच्याकडे पाहिलं होतं, आणि तिचा चेहरा कसा झाला होता ते लहान असूनही तिला कळलं होतं. अंधाऱ्या खोलीत कुणी एकदम पडदा सारावा तसा. बाबा अगदी मायेने म्हणाले होते, “तुला कुठे जमायचं हे सगळं, नाही का?” आणि आई म्हणाली होती, “हो. नाही जमायचं.” नकारसुद्धा होकाराच्या आत गुंडाळून दिलेला. त्या संध्याकाळी आई नेहमीसारखीच बोलली, नेहमीसारखीच झोपली. तेव्हा वाटलं होतं, आईला चालत असेल. आता संगणकावरच्या ओळींकडे बघताना तिला वाटलं, आपण पाहिलं तेव्हा आईचा होकारही आधीच येऊन बसलेला होता.

मग तिला सुचलं की वस्तूला विचारण्याऐवजी साच्यालाच विचारावं. मशीनला कुठल्याही वस्तूबद्दल विचारता येतं, तू कुणाची? विनंती म्हणाली, मी जादा पाळीच्या क्लासची. हे तिला ठाऊक होतं. तिने क्लासलाच विचारलं, आणि तू कुणाचा? इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने कधी केला नव्हता. साचा म्हणजे जिथे सगळं सुरू होतं ती जागा, अशीच तिची समजूत होती. पण साचासुद्धा एक वस्तूच. कुणीतरी घडवलेली. उत्तर आलं त्यात एक नाव होतं, आणि ते तिने लिहिलेलं नव्हतं. ते आबांचं होतं. आबा म्हणजे या ऑफिसचे जुने जाणते, कधीच निवृत्त होऊन गेलेले. ज्यावर सगळ्यांनी आपापलं काम रचलं तो पाया त्यांनी घातला होता. त्या पायात त्यांनी एक मेटाक्लास ठेवला होता, साचे घडवणारा साचा. ती जेव्हा क्लास लिहून पुरा करी, तेव्हा तो आधी त्याच्या हातात जाई. तो त्यातली नावं चाळून पाही, ‘मान्य’ नसेल तर आपल्या पदरची एक घाली, आणि मग क्लास जन्माला येई. म्हणजे पहिली विनंती घडण्याच्या कितीतरी आधी, काही घडायचंच असताना, होकार आत गेलेला असे. ऑब्जेक्टमध्ये तो शिरताना दिसणार कसा? आबांनी शेजारी टीप लिहिली होती, त्यांच्या नेहमीच्या समजूतदार भाषेत: ‘नवी मुलं विसरतात. कुणाचं काम अडू नये म्हणून, जिथे काही लिहिलेलं नाही तिथे होकार धरला आहे.’

तिला आबांचा राग यायला हवा होता. पण टीप वाचताना तिला त्यांचा आवाज ऐकू आला, आणि आठवलं की नवी असताना तीही विसरायची, आणि तिचं काम कधी अडलं नव्हतं. तिने तसंच पुढे विचारलं, आबांच्या मेटाक्लासला, तू कुणाचा? तो म्हणाला, टाइपचा, म्हणजे भाषेतच आधीपासून असलेल्या मूळ साच्याचा. आणि टाइप, तू कुणाचा? टाइप म्हणाला, टाइपचा. तिने पुन्हा विचारलं. तेच उत्तर. वर वर चढत जावं, गच्चीचं दार लागेल, मोकळी हवा लागेल म्हणून, आणि शेवटच्या पायरीवर तोच जिना पुन्हा समोर यावा, तसं तिला झालं. आई तिच्या आईसारखी, ती तिच्या आईसारखी, आणि त्याच्यावर कुठेतरी एक अशी, जी स्वतःचीच घडवलेली, जिला विचारलं तर ती स्वतःकडेच बोट दाखवील. काचेबाहेर झाड आवाज न करता हलत होतं.

तरी एक फट होती. मेटाक्लास फक्त रिकामी जागा भरत होता. जिथे स्वतःचं लिहिलेलं असेल तिथे तो हात लावत नव्हता. जादा पाळी, सुट्टी, पाळीची अदलाबदल या सगळ्यांचा एक मूळ क्लास होता, नुसती ‘विनंती’. तिच्यापासून बाकीच्या उतरलेल्या. जे मुळात असतं ते लेकींना वारशाने मिळतं. तिने मूळ विनंतीत स्वतःची ‘मान्य’ लिहिली: रात्रपाळी करून आलेल्या माणसाला लगेच दुसरी पाळी नाही. चालवून पाहिलं. विनंती म्हणाली, अमान्य. तिने तो एवढासा शब्द पुन्हा एकदा वाचला. लेकींना तपासायचं राहिलं होतं, पण ते काय, वारशाने मिळणारच. ती उठली, कार्ड दाखवून जिन्यात गेली आणि तिथे पायरीवर बसून तिने आईला फोन लावला.

“आई, तुला यायचंय का माझ्याकडे?”

“हो गं. दादा म्हणाला तसं.”

“दादा काय म्हणाला ते राहू दे. तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचंय? तुम्हाला सोयीचं ते बरं.” मागे नळ ठिबकत होता. “शेजारच्या बाईंना किल्ली द्यायची सवय आहे माझी, तेवढं एक. त्या दुपारी येऊन बसतात. ते काय, तिकडेही होईल कुणी.”

“म्हणजे तुला यायचं नाहीये.”

“असं कुठे म्हटलं मी? डोक्यात राख घालून घेऊ नकोस. जेवलीस का?”

जेवले, असं ती म्हणाली, आणि जेवली नव्हती. मग तिने दादाला फोन केला. अमान्य हा शब्द अजून हातात उबदार होता, तोवरच बोलायला हवं होतं. “दादा, सकाळी मी हो म्हटलं ते धरू नकोस. तिथेच खालच्या मजल्यावर जागा बघू. मुंगीची खोली मी देणार नाही.” मग तो हसला, दुखावलेलं नव्हे, सुटल्यासारखं. “अगं, मुंगीचंच ना? तिला मी मघाशीच विचारलं, शाळेतून आली तेव्हा. म्हटलं, मामा विचारतोय, आजीला खोली देशील का? ती लगेच म्हणाली, हो. एका झटक्यात. अडखळली पण नाही पोर. तू उगाच तिच्या नावावर खपवू नकोस.” तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. “ऐकतेयस ना? शनिवारचं नक्की धरतो मग,” दादा म्हणाला. ती गप्प होती, आणि तिचं गप्प राहणं दादाने जमेला धरलं.

जागेवर येऊन तिने जादा पाळीचा क्लास चालवून पाहिला. नर्सची रात्रपाळी, लगेच सकाळची पाळी, मान्य आहे का? मान्य. मूळ विनंती नाही म्हणत होती आणि तिची लेक हो म्हणत होती. आता तिला नवल वाटलं नाही. तिने आबांची ओळ पुन्हा वाचली, नव्या मुलाला वाचून दाखवावी तशी, बोट ठेवून. मेटाक्लास वारसा पाहतच नव्हता. नवी लेक त्याच्या हातात आली की तो फक्त तिच्या स्वतःच्या अंगात काय लिहिलंय ते पाहायचा. तिथे नसेल तर आपला होकार घालायचा, आणि आईने लिहिलेला नकार त्या होकाराखाली झाकून जायचा. आईचा नकार लेकीपर्यंत पोचतच नव्हता. आणि मेटाक्लास मात्र न मागता, न लिहिता, प्रत्येक लेकीपर्यंत पोचत होता. “ती ओळ काढून टाका ना,” टीमलीड म्हणाला. “काढली तर आजवर आयत्या होकारावर चाललेलं सगळं एकाच सकाळी अडेल. सगळे दवाखाने,” ती म्हणाली. “मग?” “मग प्रत्येकीत वेगळं लिहायचं. एकेकीत.” तो ‘बापरे’ म्हणाला आणि चहाला गेला. तिने जादा पाळीपासून सुरुवात केली.

घरी आली तेव्हा मुंगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बर्फ चघळत होती. खोलीचं दार उघडं होतं, आणि आत पुस्तकं आधीच पिशव्यांत भरलेली दिसली. पिशव्यांची तोंडं नीट बांधलेली. बांधलेलं मुंगीने, पण बांधणं अगदी तिच्यासारखं, दोन वेढे आणि वर एक ढिली गाठ. कधी शिकवल्याचं तिला आठवत नव्हतं. “आज ऑ-ऑफिसात काय झालं?” मुंगीने विचारलं. रोज विचारायची. तिने बर्फाचा ट्रे ओढला, दोन खडे बशीत काढले. “हे बघ. दोन्हींना याच कोपऱ्यावर टवका आहे. दिसला?” मुंगीने खडे फिरवून पाहिले. तिने आणखी दोन काढले. सगळ्यांना तोच टवका. “मी सकाळपासून पाणी तपासत होते,” ती म्हणाली. “टवका पाण्यात नव्हता.” “ट्रेमध्ये आहे,” मुंगी म्हणाली आणि ट्रे उलटा करून पाहू लागली. “पण मग दु-दुसऱ्या ट्रेलाही आहे, तो बघ. म्हणजे ट्रे करणाऱ्या म-म—” “मशीनमध्ये,” ती म्हणाली.

म्हणाली, आणि आपण काय केलं ते तिला ऐकू आलं. मुंगीने मान डोलावली, नेहमीसारखी. शब्द आयता मिळाला, काम अडलं नाही. असे किती शब्द. दुकानात, डॉक्टरकडे, पाहुण्यांसमोर, लेकीचा शब्द दाराशी अडला की तो हिने पटकन उचलून पुढे ठेवायचा, मायेनेच. पोर बिचारी लाजू नये म्हणून. आणि ज्यात मुळीच अडायला होत नाही असा एकच शब्द मुंगीपाशी स्वतःचा राहिला होता. तो श्वासाबरोबर बाहेर पडायचा. मामाने विचारल्यावर तो एका झटक्यात बाहेर पडला होता.

“मुंगी,” ती म्हणाली, “तुझी खोली—”

“हो,” मुंगी म्हणाली.

“मी अजून विचारलं नाही.”

मुंगी तिच्याकडे बघत राहिली. बशीतल्या बर्फाखाली पाण्याचं वर्तुळ पसरत होतं. तिने वाक्य पहिल्यापासून सुरू केलं आणि ते शेवटपर्यंत नेलं. तुझी खोली आजीला द्यावी असं तुला वाटतं का? विचारून झाल्यावर तिला जाणवलं की पुढची जागा किती रिकामी असते, आणि ती भरायला जीभ कशी शिवशिवते. मुंगीचे ओठ मिटले. “न,” ती म्हणाली, आणि थांबली. “न—न—” मान ताठ झाली, डोळे मिटले गेले, हाताची मूठ ओट्यावर दाबली गेली. शब्द हिच्या तोंडात पुरा तयार होता, नुसता ओठांतून सोडायचा. हिने जीभ दातांखाली धरली. फोन वाजू लागला. दादाचं नाव उजळलं, फोन ओट्यावर थरथरत सरकला आणि बशीला टेकून थांबला. कोणीच हात लावला नाही. नकार नसेलही तो, तिला वाटलं, मी नकार म्हणूनच ऐकायला बसले असेन. हाही माझाच साचा असेल. तरी ती थांबली. मुंगीच्या गळ्यातली शीर उठून दिसत होती. फोन वाजायचा बंद झाला.

“न-नको,” मुंगी म्हणाली. आणि डोळे उघडून, दमलेली, घाम आलेली, स्वतःच्याच आवाजाकडे वळून बघावं तशी म्हणाली, “आजी हवी. ख-खोली नको द्यायला.” थोड्या वेळाने म्हणाली, “मामाला आ-आता काय सांगायचं?”

“तेच,” ती म्हणाली. तिला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. आईचे चार जिने तिथेच होते, शनिवार तिथेच होता, आजी हवी आणि खोली नको या दोन गोष्टी एका घरात कशा बसवायच्या ते लिहिलेलं नव्हतं, आणि आबा आता रिकाम्या जागेत काही घालून देणार नव्हते. तिने फोन उचलला. दादाला लावायच्या आधी आईला लावला. आई म्हणाली, “काय गं, पुन्हा? बरं आहे ना सगळं?”

“आई, मघाशी मी विचारलं ते पुन्हा विचारते. लगेच सांगू नकोस.”

“अगं, सांगितलं ना तुला, हो—”

ती काही बोलली नाही. फोनही ठेवला नाही. मुंगीने बशीतला बर्फ न चघळता तसाच गालात धरला होता. पलीकडे नळ ठिबकत होता. आईने काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. आई बसली असावी.

“ऐकतेयस ना?” आईने विचारलं.

“ऐकतेय,” ती म्हणाली, आणि थांबली.